रोबोट व्हॅक्युम घ्यायचाय, उंबऱ्यांचं घर आणि ट्रॉल्यांची धूळ, चालेल का?

फुलेवाडीकर

नमस्कार मंडळी. घरात केर काढायचा रोबोट घ्यायचं चाललंय आणि जितकं वाचतोय तितकं डोकं जास्त फिरायलंय, म्हणून म्हटलं कोल्हापुरातल्याच कुणीतरी वापरणाऱ्याला विचारावं.

विषय असा आहे की आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी वाकून आणि उकिडवं बसून काम करायचं नाही म्हणून बजावून सांगितलंय, पण आम्ही दोघं कामावर गेलो की तिचं सुरू होतं. बायको सकाळी झाडून जाते, पण घर गगनबावडा रोडपासून जवळ, त्यात गळीत हंगाम सुरू झाला की दिवसरात्र ऊसाच्या ट्रॉल्या, दुपारपर्यंत हॉलमध्ये पायाखाली कचकच लागते. आईला ते बघवत नाही. रागावून झालं, समजावून झालं, केरसुणी माळ्यावर टाकून झाली, तर शेजारच्या काकूंची मागून आणते. तिचं पण बरोबर आहे, आयुष्यभर घर आरशासारखं ठेवलंय तिनं, आता बसून नुसतं बघायचं म्हणजे तिला त्रास होतो.

घर बैठं आहे. पुढचा सोपा आणि माजघर जुनं, तिथं मोझॅक फरशी, मागं नंतर वाढवलेलं स्वयंपाकघर आणि दोन बेडरूम, तिथं व्हिट्रिफाइड. मध्ये उंबरे आहेत. आई आणि बायको दोघींचे केस लांब. कुत्रं-मांजर नाही. बजेट पंचवीस ते तीस, फारच उपयोगी असेल तर थोडं वर.

लेसरवालाच घ्यावा का साधा चालतो? एकात तीन हजार पास्कल लिहिलंय, दुसऱ्यात आठ हजार, एवढा फरक पडतो का? पुसायची सोय असलेला घेतला तर फरशी पुसायचं काम खरंच जातं का? आणि पावसाळ्यात आमच्याकडं लाईट सारखी जाते, मध्येच बंद पडला तर काय? ज्यांनी वापरलाय त्यांनीच सांगा प्लीज.

राजारामपुरी, ७ वी गल्ली

दादा, आमच्याकडं आहे आणि रोज चालतो. पास्कलचं सध्या बाजूला ठेवा आणि आधी घरात पट्टी घेऊन फिरा. प्रत्येक उंबरा फरशीपासून किती वर आहे ते मोजा, आणि उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंनी मोजा, कारण जुन्या-नव्या बांधकामात एका बाजूची फरशी हमखास खाली-वर असते. बहुतेक रोबोट साधारण दोन सेंटीमीटरपर्यंत चढतात. त्याच्यावर गेलं की धडका मारत बसतात किंवा चढून मध्येच पोटावर अडकतात आणि मोबाईलवर मेसेज येतो की मला उचला. नवीन महागड्या मॉडेलांत चाकं उचलून चार सेंटीमीटरपर्यंत चढणारे आलेत, पण ते तुमच्या बजेटच्या लई वर.

दुसरं माप दिवाण, कपाट, सोफा यांच्या खालच्या जागेचं. लेसरवाल्याच्या डोक्यावर एक गोल टोपी असते, त्यातच तो फिरणारा लेसर. त्यामुळं उंची साडेनऊ-दहा सेंटीमीटर होते. दिवाणाखाली अकरा सेंटीमीटर मोकळं असेल तर उत्तम, नाहीतर जिथं सगळ्यात जास्त धूळ साठते तिथंच तो जाणार नाही.

लेसरवालाच घ्या. स्वस्तातले जायरोवाले, म्हणजे लेसर-कॅमेरा नसलेले, नुसत्या वळण मोजणाऱ्या सेन्सरवर चालणारे, खोलीत अंदाजानं पट्टे मारतात, जरा खुर्ची सरकली की गोंधळतात आणि एखादा कोपरा रोजच्या रोज सुटतो. कॅमेऱ्यावर चालणाऱ्याला उजेड लागतो. दुपारी पडदे ओढून आई झोपल्या असतील तर त्याला नीट दिसत नाही. लेसरला अंधाराचं काही नाही. तो पहिल्यांदा सगळं घर फिरून नकाशा काढतो, मग मोबाईलवर त्या नकाशात खोल्या वेगळ्या करता येतात, सोपा रोज दोनदा, बेडरूम एकदा, असं वेळापत्रक लावता येतं. तुमच्याकडं धूळ पुढच्या सोप्यातच येणार, त्यामुळं हे फार कामाचं आहे. जिथं जायला नको तिथं नकाशावर चौकोन काढून बंदी घालता येते. फक्त मोठा आरसा किंवा खालपर्यंत काचेचं शोकेस असेल तर तिथं लेसर फसतो, त्याला पुढं अजून खोली आहे असं वाटतं. नकाशावर तिथं एक रेघ मारून टाकायची, झालं.

आता पास्कल. तो आकडा ओढायच्या जोराचा आहे, पण हवेचं तोंड बंद करून मोजलेला. फरशीवर पळताना खालून सगळीकडून हवा शिरते, तिथं तेवढा जोर लागू होत नाही. मोझॅक आणि टाईल्सवर धूळ, केस, चपात्यांचं पीठ एवढ्याला तीन हजार भरपूर झाले. जाड गालिचा असता तर जास्त घ्या म्हटलो असतो. आठ हजारवाला फुल्ल जोरात लावला की आवाज वाढतो आणि बॅटरी लवकर बसते, म्हणून शेवटी सगळे मधल्या सेटिंगलाच चालवतात.

लाईटचं टेन्शन घेऊ नका. तो बॅटरीवर चालतो, लाईट गेली तरी केर काढत राहतो. अडचण परत जाताना येते, कारण चार्जिंगचा डॉक त्याला सिग्नल देतो आणि लाईट नसली की डॉक मुका. मग तो जवळपास येऊन थांबतो किंवा इकडंतिकडं शोधत बसतो. लाईट आल्यावर परत पाठवायचा. डॉक इन्व्हर्टरच्या लाईनवर असला तर तेवढाही प्रश्न नाही. वायफाय बंद असलं तरी वरचं बटण दाबून सुरू होतो, तेव्हा आईंना मोबाईल शिकवायची पण गरज नाही. वायफाय जोडताना मात्र बहुतेकांना २.४ गीगाहर्ट्झवालंच लागतं, ५ वर जोडत बसलात तर संध्याकाळ जाईल.

मंगळवार पेठेतली

वरच्या दादांनी सगळं बरोबर सांगितलंय पण मला आईंची काळजी वाटली म्हणून लिहिते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सगळ्यात मोठी भीती पडायची असते. हा रोबोट पायातच येतो हो. माणूस दिसलं की थांबेलच असं नाही, बारीक पाय त्याला खुर्चीच्या पायासारखाच, हळूच धडकून वळतो. आपल्याला काही होत नाही पण काठी किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाचा तोल जायला तेवढं पुरतं. माझ्या सासूबाई काठी घेऊन चालतात. आमच्याकडं नियमच आहे, त्या ज्या खोलीत आहेत तिथं तो चालत नाही. त्या जेवून आडव्या झाल्या की बाहेरचा सोपा आणि स्वयंपाकघर, आणि त्या संध्याकाळी दारात बसल्या की त्यांची खोली. वेळापत्रक आईंच्या दिवसाप्रमाणे लावा, तुमच्या सोयीनं नको.

दुसरी गोष्ट, त्याचा केराचा डबा लहान असतो, अर्ध्या लिटरच्या आतबाहेर. तुमच्या ट्रॉल्यांच्या धुळीत तो रोज भरणार. म्हणजे तो रोज कुणीतरी खाली वाकून काढायचा, झटकायचा, परत बसवायचा. कोण करणार? आईच! मग वाकणं वाचलं कुठं? म्हणून माझं स्पष्ट मत, पैसे वाढवायचेच असतील तर डबा आपोआप रिकामा करणाऱ्या डॉकवर वाढवा. तो परत जाऊन बसला की डॉक सगळा केर जोरात ओढून पिशवीत घेतो. पिशवी अडीच-तीन लिटरची असते, घरातल्या केराप्रमाणे महिना-दोन महिने जाते, आणि ती तुम्ही रविवारी बदलू शकता. ओढताना दहा-पंधरा सेकंद मोठा आवाज होतो, आईंना आधी सांगून ठेवा, सासूबाई पहिल्यांदा दचकल्या होत्या. पिशव्या विकत घ्याव्या लागतात, तो खर्च धरा. सणासुदीच्या सेलमध्ये असले तुमच्या बजेटच्या जवळ येतात.

पुसायचं म्हणाल तर अपेक्षा बेताची ठेवा. ओलं फडकं मागं बांधून फिरवल्यासारखं ते काम आहे. रोजची बारीक धूळ जाते, पायांचे ठसे जातात, फरशी हाताला गुळगुळीत लागते, एवढं नक्की. पण ओट्याखाली सांडलेलं तेल, हळदीचा डाग, तांबड्या रश्श्याचा वाळलेला थेंब, हे त्याच्यानं जात नाही, तिथं हातानं जोर लावून घासावंच लागतं. गोल फिरणाऱ्या फडक्यांचे येतात ते बरे पुसतात. स्वतःची फडकी धुवून गरम हवेनं वाळवणारे पण आहेत, त्यांच्या किमती वेगळ्याच. साध्यावाल्याचं फडकं प्रत्येक वेळी काढून धुवा आणि उन्हात टाका. पावसाळ्यात ओलं फडकं तसंच राहिलं तर सगळ्या घराला कुबट वास सुटतो. टाकीत फिनेल घालू नका, बोअरचं पाणीही नको, त्याच्या क्षारानं बारीक भोकं बुजतात.

केसांचं पण सांगते. आमच्या घरी तिघींचे लांब केस. खालचा गोल ब्रश आठवड्यातून एकदा काढायचा, त्याच्यावर केसांचा दोरीसारखा घट्ट वेढा बसलेला असतो, लांबीत एका रेषेत कात्री चालवायची आणि सोलून काढायचा. ब्रशच्या दोन्ही टोकांच्या टोप्या काढून आत पण बघा, खरी गुंडाळी तिथं असते आणि तीच ब्रश जाम करते. केस काढता काढता त्यातून काय काय निघतं, टिकल्या, शेंगदाण्याची फोलं, एकदा जोडव्याचा तुकडा निघाला. नुसत्या रबराचा ब्रश असलेला मिळाला तर केस कमी अडकतात.

आणि देवघर! खाली समई, निरांजन ठेवत असाल तर तिथं बंदीचा चौकोन घालाच. दारातली रांगोळी आत उंबऱ्यालगत काढत असाल तर तिथंही. रांगोळी तर पुसलीच जाते, वर ती पूड इतकी बारीक असते की फिल्टर एका दिवसात गच्च. जोतिबाच्या यात्रेहून आल्यावर आमच्याकडं सगळ्या घरात गुलाल असतो, त्या दिवशी आम्ही त्याला बाहेरच काढत नाही. आधी केरसुणीनं झाडून घेतो. ओलं फडकं लावलेला रोबोट गुलालावरून गेला तर सगळी फरशी गुलाबी होईल.

शाहूपुरीवाला

एक विचारू का, त्या पैशात दुपारी तासभर एखाद्या मावशींना का लावत नाही? झाडून, पुसून, भांडी पण होतील आणि आईंना बोलायला माणूस मिळेल. मशीन चहाला थांबत नाही.

फुलेवाडीकर

@शाहूपुरीवाला, मावशी होत्या की. चांगल्या होत्या, त्यांच्या मुलीचं बाळंतपण आलं म्हणून गावी गेल्या, त्यानंतर दुपारच्या वेळेला कुणी मिळेना. शोध चालूच आहे, मिळाल्या तर दोन्ही राहू दे. तुमचा मुद्दा पटतोय.

@मंगळवार पेठेतली ताई, डबा रिकामा करायला वाकावं लागेल हे आमच्या दोघांच्या डोक्यातच आलं नव्हतं. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली बघ, हे कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत.

मापं घेतली. सोपा ते माजघर उंबरा दीड सेंटीमीटर. माजघर ते स्वयंपाकघर जुना लाकडी उंबरा, साडेतीन. बेडरूमना नुसती ग्रॅनाईटची काळी पट्टी आहे, जेमतेम अर्धा सेंटीमीटर. दिवाणाखाली चौदा आहे. लाकडी उंबरा काढायला आई तयार नाही आणि मलाही काढायचा नाही, त्याची दसऱ्याला पूजा होते. मग काय करू?

कळंबा, रिपेरिंगवाला

मी घरगुती मशीनी दुरुस्त करतो, मिक्सर, वॉशिंग मशीन, आणि आता हे रोबोट पण यायला लागलेत. माझ्याकडं येणाऱ्यातल्या निम्म्याहून जास्त मशीनी बिघडलेल्या नसतातच, नुसत्या साफ केलेल्या नसतात.

पहिल्यांदा तुमच्या काळ्या पट्टीबद्दल. रोबोटच्या पोटाला खाली सेन्सर असतात, जिन्यावरून पडू नये म्हणून. ते खाली इन्फ्रारेड सोडतात आणि परत येणारा प्रकाश बघतात. काळा ग्रॅनाईट किंवा कडप्पा प्रकाश गिळतो, मग त्याला वाटतं पुढं खड्डा आहे, आणि तो मागं फिरतो. प्रत्येक मॉडेलला होतं असं नाही, अर्ध्या फुटाच्या पट्टीवरून बरेच निघून जातात, पण घ्यायच्या आधी परत करायची मुदत किती आहे ते बघा आणि पहिल्याच दिवशी त्या पट्टीवरून चालवून बघा. सेन्सरवर चिकटपट्टी लावायचा सल्ला कोणी देईल तर ऐकू नका. पुढं पायरी असली तर मशीन खाली जाईल.

फिल्टर दोन-तीन दिवसांनी काढून बाहेर हलक्या हातानं आपटायचा. तुमच्याकडं हंगामात रोज. धुवायचा असेल तर आधी धुता येणारा आहे का ते माहितीपुस्तकात बघा, आणि धुतल्यावर पूर्ण चोवीस तास वाळू दे, ओला बसवला की ती ओल थेट पंख्याच्या मोटारीकडं जाते. त्यामुळं एक जादा फिल्टर घेऊन ठेवा. ओढायचा जोर कमी झाला म्हणून मशीन घेऊन येतात, फिल्टर झटकला की झालं नीट. पुढचं लहान चाक पण ओढून काढा, त्याच्या दांड्यावर केस बसतात आणि मग मशीन एकाच बाजूला ओढत जातं. खालचे सेन्सर कोरड्या मऊ कापडानं पुसा. सांडलेला चहा, दूध, पाणी त्याला ओढायला लावू नका, पुसायची सोय असली तरी नको. ती टाकी पाणी सोडायला आहे, ओढून घ्यायला नाही. घरात प्लास्टर-सिमेंटचं काम निघालं तर त्या दिवसांत मशीन कपाटात.

स्टॅबिलायझर घेऊ नका, चार्जर साधारण १०० ते २४० व्होल्टवर चालतो. पण वळवाच्या पावसात विजा कडकडायला लागल्या की प्लग काढून टाका, दरवर्षी मे महिन्यात माझ्याकडं जळालेल्या ॲडाप्टरची रांग लागते. महिनाभर घर बंद राहणार असेल तर साधारण अर्धी बॅटरी ठेवून मशीन बंद करा, रिकामी पडून राहिली की लिथियमची बॅटरी खराब होते. आणि ज्यांच्या भागात पुराचं पाणी येतं त्यांच्यासाठी मुद्दाम, हे मशीन आणि डॉक जमिनीवरच असतं, २०१९ आणि २०२१ ला लोकांनी फ्रीज-टीव्ही वर उचलले आणि बारक्या वस्तू राहून गेल्या. भिजलेला रोबोट चुकूनसुद्धा चार्जिंगला लावू नका, भिजलेली लिथियम बॅटरी धोक्याची असते.

घेताना शेवटी एकच विचारा, ब्रश, फिल्टर, पिशव्या आणि बॅटरी वेगळी मिळते का, आणि सर्व्हिसला मशीन कुठं जातं. काही कंपन्यांचं घरी येऊन नेतात, काहींचं कुरिअरनं पुण्या-मुंबईला पाठवावं लागतं, म्हणून मूळ खोका आणि थर्माकोल टाकू नका. नवीन कुठलीतरी स्वस्त कंपनी आहे आणि तिची बॅटरीच बाजारात नाही, असं मशीन दोन वर्षांनी भंगारात देताना गिऱ्हाईकाला लई वाईट वाटतं आणि मला पण.

राजारामपुरी, ७ वी गल्ली

उंबरा काढायचा नाही, अजिबात नाही. साडेतीनला दोन वाटा आहेत. एक म्हणजे उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना उतार करायचा, रबराचे मिळतात किंवा सुताराकडून लाकडाचे करून घ्या. पण आईंचा विचार केला तर मला ही वाट आवडत नाही. रोज ज्या उंबऱ्यावरून पाय उचलायची सवय आहे तिथं अचानक उतार आला की पाय चुकतो, आणि स्वयंपाकघराच्या दारात तर हातात काहीतरी असतंच.

दुसरी वाट सोपी. डॉक माजघरात ठेवा. सोपा आणि माजघर तो आपोआप करेल, आणि ट्रॉल्यांची धूळ तिथंच आहे. स्वयंपाकघर आणि बेडरूमची बाजू संध्याकाळी तुम्ही घरी आलात की उचलून पलीकडं ठेवायची, काम झालं की परत आणून डॉकवर. रोबोट तीन-चार किलोचाच असतो. फक्त उचलणं तुमच्याकडं, आईंकडं नाही. बेडरूम रोज नाही केली तरी चालतंय. डॉकच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर आणि समोर दीड मीटर जागा मोकळी लागते, तिथं चपला किंवा पायपुसणं नको. खाली लोंबणाऱ्या वायरी वर बांधा. झालर असलेली सतरंजी असेल तर झालर आत दुमडा, ती ब्रशमध्ये हमखास जाते. आईंचं घोंगडं खाली अंथरलेलं असेल तर सकाळी उचलून ठेवा, लोकर सुटून सगळी ब्रशला बसते.

फुलेवाडीकर

हे एकदम पटलं. उतार नको, बायको पण तेच म्हणाली. लेसरवाला, तीन-चार हजार पास्कलचा, केर ओढून घेणाऱ्या डॉकसकट, पुसायची सोय आली तर आली, नाही आली तरी चालेल, असं आता पक्कं होत आलंय. बॅटरी आणि पिशव्या वेगळ्या मिळतात का ते आज फोन करून विचारतो. एकच राहिलं, आई म्हणते मला आधी डोळ्यानं बघायचाय, असलं यंत्र घरात फिरतंय म्हणजे कसं ते. इथं कुठल्या दुकानात चालवून दाखवतात का?

राजारामपुरी, ७ वी गल्ली

दुकानात दाखवतील पण तिथं फरशी आधीच चकाचक असते, काय कळणार. आईंना घेऊन आमच्याकडं या. सोमवारी दुकान बंद असतं, दिवसभर घरीच आहे. तळमजला आहे, एकच पायरी. सकाळचं झाडायचं त्या दिवशी थांबवतो, म्हणजे त्यांना खरा केर बघायला मिळेल. डब्यातला केर पण काढून दाखवतो. निघायच्या आधी मेसेज टाका.